टॉवेल वर गेला, कॅप्टन उठला

एका दुपारी, गच्च भरलेल्या मैदानासमोर, मी हातातला ओला टॉवेल डोक्यावर उंच धरला. तो मी धरायला नको होता, आणि हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. पुढे तीस-पस्तीस वर्षे मी ते कोणाला सांगितले नाही. त्या टॉवेलची गोष्ट इतरांनी रंगवून सांगितली, तेव्हा मी मान खाली घालून हसलो आणि लोकांनी त्या हसण्याला विनय समजले. कॅप्टनविषयी लिहायला बसलो आहे, तर आधी हे लिहून टाकतो. नाहीतर त्याच्या मोठेपणाच्या आड मी पुन्हा एकदा लपेन, आणि तशी जागा मला फार चांगली सापडते.

कॅप्टन पडल्यावर ज्या रीतीने उठे, ते पाहण्यासाठी कोल्हापुरात माणसे मॅचला येत. आधी एक गुडघा, मग डावा तळहात मातीवर, मग क्षणभर थांबणे. त्या क्षणी मैदानातली हलगीसुद्धा थांबलेली असे. मग तो सरळ उभा राही. ज्याने पाडले त्याच्याकडे पाहत नसे, रेफ्रीकडे हात पसरत नसे. आपल्या गड्यांकडे पाही आणि म्हणे, "हाय मी. चला." एवढेच. ते शब्द ऐकले की मघाशी हरल्यासारखी खेळणारी आमची कॉलेजची टीम वेगळीच खेळू लागे.

तो स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. उंच आलेला प्रत्येक चेंडू त्याचा. तो डोक्याने परतवताना होणारा आवाज वरच्या पायरीपर्यंत ऐकू येई, आणि आम्ही त्या आवाजावर खूश असू. आमच्या गावात फुटबॉल पेठापेठांतून खेळतात, त्यामुळे कॉलेजच्या मॅचलाही अर्धे गाव लोटे. भुवईला टाके असताना तो खेळला होता. बोट मोडले तेव्हा ते शेजारच्या बोटाला बांधून खेळला होता. पोरे त्याच्यासारखी खांदे किंचित पाडून चालू लागली होती. त्याचा सोसण्याचा गुण आम्हा सगळ्यांना आपलाच वाटे. सोसत मात्र तो एकटाच होता, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

पण नुसत्या सोसण्याने कोणी कॅप्टन होत नाही. एकदा आमच्या गोलकीपरच्या पायांमधून अगदी साधा चेंडू आत गेला. पायऱ्यांवरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला आणि तो बिचारा गुडघ्यात डोके घालून बसला. कॅप्टन चालत त्याच्याकडे गेला. "काय बघतोयस खाली? गोल तुझ्या पायातनं गेला, जिवातनं न्हाई. ऊठ. आता माझ्या मागं उभा ऱ्हा. माझ्यातनं गेला तरच तुझ्याकडं यील." उरलेल्या वेळात त्याच्यातून एकही गेला नाही.

हरलेल्या मॅचनंतर तो सगळ्यांना मिसळ खायला नेई. तिथे त्याचा एक नियम होता: जेवताना गोल मोजायचे नाहीत. कोणी म्हटले, "तू जर तो पास दिला असतास तर," की तो त्याच्या वाटीत मिसळीचा झणझणीत कट ओतायचा. "खा आधी. तोंड भाजलं की बोलणं बंद हुतंय." चूक उद्या मैदानात बोलायची, ताटावर नाही. त्या नियमाच्या सावलीत मीही पुढे कितीतरी वर्षे सुखाने जेवलो.

आता माझी जागा सांगतो. मी खेळाडू नव्हतो. दोन फेऱ्या मारल्या की मला धाप लागे. पण मैदानापासून दूर राहवत नसे. जिमखान्याच्या सरांनी एकदा मला तारेच्या कुंपणाशी ताटकळताना पाहिले आणि म्हणाले, "पळता येत नसेल तर बादली तरी उचल." त्या दिवसापासून बर्फाची बादली आणि टॉवेल माझ्याकडे आला आणि माझे नाव बर्फ्या पडले. खेळाडू पडला की मी आत धावायचे, बर्फ लावायचा, दोन प्रश्न विचारायचे. सर पलीकडच्या बाजूला मांडवात बसत, त्यांना तिथून काही दिसत नसे. म्हणून त्यांनी खूण ठरवली होती: गडी ठीक असेल तर टॉवेल वर, नसेल तर टॉवेल खाली जमिनीवर टाकायचा, म्हणजे ते बदली खेळाडू पाठवतील. "मी तुझ्या डोळ्यांनी बघणार, लक्षात ठेव," असे सर म्हणाले होते.

ही खूण प्रेक्षकांनीही हेरली. कॅप्टन पडला की सगळे माझ्या हाताकडे पाहत. टॉवेल वर गेला की हलगी कडाडे आणि आरोळी उठे, "टॉवेल वर गेला, कॅप्टन उठला!" ही आरोळी अर्थातच त्याच्यासाठी होती. पण तिच्यातला पहिला अर्धा भाग माझा होता. आयुष्यात कोणी माझ्या नावाने टाळी वाजवली नव्हती. घरी नाही, वर्गात नाही. ज्या मुलाला कोणी पाहत नाही, त्याच्या हाताकडे अर्धे गाव श्वास रोखून पाहत असेल, तर त्याचे काय होते, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा कळत नव्हते.

मग तो शेवटच्या सामन्याचा दिवस. बरोबरी होती आणि दुसरा हाफ नुकताच सुरू झाला होता. एका उंच चेंडूवर कॅप्टन आणि समोरचा फॉरवर्ड एकदमच उडाले. लाकडावर लाकूड आपटावे तसा आवाज मला बादलीपाशी ऐकू आला. फॉरवर्ड कपाळ धरून उठला. कॅप्टन उठला नाही. मी पोहोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण ते कशावरच ठरत नव्हते. मानेखाली बर्फ ठेवला. जरा वेळाने त्याने मला ओळखले. "हाय मी," तो पुटपुटला. मला हायसे वाटले. मग एखाद्या परक्या गावात पत्ता विचारावा तशा सौम्य आवाजात त्याने विचारले,

"बर्फ्या, आपण कुठल्या बाजूला मारतोय?"

हलगी थांबली होती. पलीकडे मांडवात सर उभे राहून माझ्याकडे पाहत होते. मला त्याची काळजी वाटली नाही असे नाही. वाटली. पण त्या काळजीच्या शेजारी दुसरे काहीतरी होते आणि ते अधिक बलवान होते. सगळे मैदान माझ्या हाताकडे पाहत होते. मला ती आरोळी हवी होती.

"समोर, चिंचेच्या झाडाकडं," मी म्हणालो, आणि टॉवेल वर केला.

पुढचे सगळ्यांना पाठ आहे. शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला, कॅप्टन वर गेला आणि त्याच डोक्याने त्याने गोल मारला. त्याला खांद्यावर घेऊन गावातून मिरवले. जे पाठ नाही ते असे: मिरवणुकीआधी तो मांडवामागे भडभडा ओकला आणि मी बादलीतले पाणी ओतून ती जागा धुऊन टाकली. "किती झाले?" असे तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला आणि मी दर वेळी हसून म्हणालो, "नाटक करतोस काय, तुझाच गोल की." सरांनी विचारले तेव्हा मी ऊन लागल्याचे सांगितले. पुढे कित्येक दिवस तो हॉस्टेलच्या खोलीत खिडकीला चादर लावून पडून होता, कारण त्याला उजेड सहन होत नव्हता. त्याचे दोन पेपर बुडाले. लोकांना आम्ही तापाचे कारण सांगितले. सर आता नाहीत. त्यांनी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि माझे डोळे खोटे बोलले.

नोकऱ्यांनी आम्हा दोघांनाही इंग्लंडला आणले. तो ब्रिस्टलला, विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. मी स्लाऊला, गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका ऑफिसात. मी आलो त्याच वर्षी माझी नोकरी गेली. व्हिसाची मुदत डोक्यावर होती आणि मी खोलीचे दार लावून बसलो होतो. कोणाकडून तरी त्याला कळले. बर्फ पडत असताना तो ब्रिस्टलहून गाडी चालवत आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "हाय मी." दोन दिवस राहिला. माझ्या मोडक्या शेगडीवर त्याने तांबडा रस्सा केला. मी नोकरीचे रडगाणे सुरू केले की वाटी पुढे सरकवायचा. "जेवताना गोल मोजायचे न्हाईत." सकाळी मला उठवून पार्कात नेई आणि चेंडू पायात देई. मला चेंडू नीट थांबवताही येत नसे. "थांबतोय की हळूहळू," तो म्हणे. दुसरी नोकरी मिळेपर्यंत रोज त्याचा फोन येत असे. ज्याच्याशी मी असे वागलो होतो, तोच माझ्यासाठी हे करत होता. आणि मी त्याचे आभार मानत होतो, म्हणजे पुन्हा चुकीचाच शब्द वापरत होतो.

इथल्या कोल्हापूरकरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि दर उन्हाळ्यात स्लाऊच्या एका पार्कात आमचा मेळावा भरतो. आमच्यातला सूर्या तेव्हा पायऱ्यांवर हलगी वाजवायचा, आणि ती हलगी त्याने इकडेही आणली आहे. एका वर्षी कौन्सिलचा माणूस आवाजाची तक्रार घेऊन आला आणि कशाचा उत्सव चालला आहे असे त्याने विचारले. सूर्या गंभीरपणे म्हणाला, "अ व्हेरी ओल्ड गोल, सर." तो माणूसही हसत निघून गेला. दर वर्षी जेवणानंतर ती मॅच सांगितली जाते. कोणीतरी माझ्या हातात किचनमधला टॉवेल कोंबतो. "बर्फ्या, भावा, होऊन जाऊ दे!" मी तो वर करतो. खुर्चीत बसलेला कॅप्टन एक गुडघा, डावा तळहात, क्षणभर थांबणे, असे करत उठतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. "असली माणसं आता होत न्हाईत," सूर्या डोळे पुसत म्हणतो. "डोकं फुटलं तरी उभा!" त्याचे प्रेम खरे आहे. आम्हा सगळ्यांचेच खरे होते. म्हणूनच ते इतके घातक ठरले.

अशाच एका मेळाव्यात मी मक्याची कणसे भाजत होतो, तेव्हा कॅप्टन जवळ येऊन उभा राहिला.

"बर्फ्या, एक इचारू? त्या गोलाचा कॉर्नर कुठनं आला रं? डावीकडनं का उजवीकडनं?"

"उजवीकडनं. का?"

"आठवत न्हाई. दुसऱ्या हाफचं काहीच न्हाई. तवापास्नंच न्हाई. तुम्ही सांगताय ते पाठ केलंय." तो हसला. "सगळ्या गावाचा आवडता गोल, आणि मी एकट्यानंच बघितला न्हाई."

सांगायचे असते तर ती वेळ होती. आम्ही दोघेच होतो, आणि त्याने स्वतःहून दार उघडले होते. मी कणीस उलटे केले आणि म्हणालो, "होतं असं."

मागच्या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे कॅप्टनची बायको. त्या इतकी वर्षे इथे राहून अजून कोल्हापूरच्या बायकांसारखेच "मी आलो, मी गेलो" असे बोलतात. "भाऊजी, काय सांगू तुम्हाला. हे परवा दूध आणायला गेले आणि गाडीत बसूनच ऱ्हायले. घर कुठल्या बाजूला ते सुधरंना. मी हुडकत गेलो तर दुकानाच्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू." मेमरी क्लिनिकला दाखवले होते. विसरण्याच्या आजाराची सुरुवात होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले होते की तरुणपणी कधी डोक्याला मार बसून शुद्ध हरपली होती का. कॅप्टनने उत्तर दिले होते, "नेव्हर." वहिनींनी ग्रुपवर विचारले तर सूर्याने लिहिले, "आमचा कॅप्टन लोखंडाचा होता, वहिनी, त्याला काय होतंय?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. "म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. पडल्यावर जवळ तुम्हीच असायचा न्हवं?"

मी म्हणालो, "आठवून सांगतो, वहिनी."

आठवायचे काहीच नव्हते. सगळे लखलखीत समोर होते. मी आणखी काही आठवडे मागून घेतले, एवढेच. शेवटी एका शनिवारी ब्रिस्टलची गाडी पकडली. सांगायचेच, असे ठरवून निघालो होतो. पण असे ठरवून मी पूर्वीही निघालेलो आहे.

दार त्यांच्या मुलीने, रेवाने उघडले. ती इथेच जन्मली, आता युनिव्हर्सिटीत शिकते आणि तिथल्या एका क्लबच्या मुलींच्या संघाची कॅप्टन आहे. खेळतेही वडिलांच्याच जागी. बोलते आईसारखे. "मी खेळलो," असे ती म्हणते, तेव्हा स्लाऊच्या पुणेकर मंडळींना ती इथे वाढलेल्या मुलीची चूक वाटते. ते तिच्या आईचे कोल्हापूर आहे.

"काका! बरं झालं आला. उद्या माझा सेमीफायनल आहे. तुम्ही राहणार. आणि टॉवेल पाहिजे."

"कशाला?"

"मी पडलो तर वर करायला! बाबांचं टॉवेल, माझं पण टॉवेल. मी टीमला सगळा स्टोरी सांगितलाय."

कॅप्टन खिडकीशी बसला होता. थोडा बारीक झाला होता, पण खांदे तसेच. "बर्फ्या! कधी आलास?" थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "कधी आलास?" मी दोन्ही वेळा तितक्याच आनंदाने सांगितले. मग त्याने मुलीकडे बोट दाखवले. "गेल्या रविवारी हिला कोपर बसलं, कानाच्या वर. पडली. पण उठली! माझी पोरगी हाय."

"काही झालं नाही, काका. कोचने विचारलं, मी म्हटलं आय ॲम फाइन."

इथे नियम कडक आहेत. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी खेळाडूला बाहेर बसवतात, आणि मग काही आठवडे परत घेत नाहीत. पण तो नियमही शेवटी खेळाडूच्या शब्दावर आणि जवळच्या माणसाच्या डोळ्यांवर चालतो. हे माझ्याइतके कोणाला माहीत असेल? मी तिच्याकडे पाहू लागलो. बाहेर हिवाळ्यातला फिकट उजेड होता, तरी तिने जाताजाता पडदा ओढून घेतला. आईने भांडे आपटले तेव्हा तिचे डोळे मिटले. चहा तिने तसाच ठेवला. मला हॉस्टेलच्या खिडकीवरची ती चादर दिसू लागली.

जेवायला बसलो. वहिनींनी रस्सा केला होता. मी पहिला घास उचलला आणि तो खाली ठेवला.

"कॅप्टन, मला त्या मॅचबद्दल बोलायचं आहे."

"बर्फ्या, जेवताना न्हाई. नियम हाय."

"आज मोजू दे, कॅप्टन. आजच्या दिवस."

आणि मी सांगितले. सरांनी ठरवलेली खूण, तो आवाज, ते न ठरणारे डोळे, त्याचा प्रश्न, चिंचेचे झाड. मांडवामागे ओतलेले पाणी सांगितले. ऊन लागल्याचे खोटे सांगितले. ती आरोळी मला का हवी होती, हेसुद्धा सांगितले, कारण ते गाळले असते तर बाकीचे सगळे अपघातासारखे वाटले असते. सांगताना मी कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहिले नाही, फक्त वाटीतली तर्री पाहत होतो.

मग रेवाचा आवाज आला. तो लहान मुलीसारखा झाला होता.

"काका, मी पण विचारलो."

"काय?"

"संडेला. उठल्यावर. टीममधल्या सोफीला विचारलो, हा फर्स्ट हाफ आहे का सेकंड. ती हसली. मला वाटलं जोक झाला." तिने कपाळावर हात ठेवला. "डोकं रोज दुखतंय. आईला नाही सांगितलं. माझ्या जागी बाबा असते तर खेळले असते ना."

वहिनी उठून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचे डोके त्यांनी आपल्या पोटाशी धरले. माझ्याकडे त्यांनी पाहिले ते त्यानंतर.

"इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात, भाऊजी."

मी असे म्हणालो नाही की त्या एका दुपारचा आणि या आजाराचा संबंध कोणी खात्रीने जोडू शकणार नाही. डॉक्टर कदाचित तसे म्हणतील. पण ते त्यांनी म्हणायचे आहे. माझ्या तोंडी ते वाक्य शोभणार नाही.

"क्लिनिकला पुढच्या खेपेला तुम्ही यायचं," वहिनी म्हणाल्या. "हे सगळं तुम्हीच सांगायचं. मी न्हाई सांगणार."

"येतो."

कॅप्टन आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होता. काहीतरी बिघडले आहे एवढे त्याला कळले होते, आणि असे काही बिघडले की सावरायचे काम आपले असते, हे तो अजून विसरला नव्हता. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जिंकलो न्हवं आपण?"

"जिंकलो."

"मग झालं तर. खा. रस्सा गार हुतोय."

रेवाने दुसऱ्या खोलीत जाऊन कोचला फोन केला. दार अर्धे उघडे होते. तिचे रडणेही ऐकू आले आणि तिने सगळे नीट सांगितलेलेही. मी सर्व काही सांगितले होते, पण ज्याला ‘चुकलं’ म्हणायचे होते त्याला ते अजून म्हटले नव्हते. कॅप्टन आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता, आणि त्याला झोप लागली आहे असे मी सोयीस्करपणे मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मॅचला गेलो. आपला संघ आहे, जायलाच हवे, असे रेवा म्हणाली. गवतावर दहिवर गोठले होते. रेघेच्या बाहेर पालक थर्मास घेऊन उभे होते, कोणाचे तरी कुत्रे मध्येच आत पळत होते. रेवा जाड कोट घालून, डोळ्यांवर टोपी ओढून आमच्याजवळ घडीच्या खुर्चीत बसली होती. तिच्या जागी दुसरी मुलगी खेळत होती. वहिनी मागे उभ्या होत्या. माझ्याशी त्या गरजेपुरतेच बोलत होत्या. माझ्या मांडीवर टॉवेल होता. सकाळी निघताना कॅप्टननेच तो आठवणीने माझ्या हातात दिला होता.

हाफ टाइमनंतर एका उंच चेंडूवर दोन मुली उडाल्या आणि आमची खाली पडली. कॅप्टन ताडकन खुर्चीतून उठला. या वेळी गुडघा नाही, तळहात नाही, थांबणे नाही. शिट्टी वाजली. एक बाई पिशवी घेऊन आत गेली, मुलीशी बोलली, तिचा हात धरून तिला हळूहळू बाहेर घेऊन आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आणल्याबद्दल टाळ्या वाजतात, हे मी तोवर कधी नीट पाहिलेच नव्हते.

कॅप्टन अजून उभा होता. मैदानाकडे पाहत होता, मग डावीकडे, मग उजवीकडे. चेहरा गोंधळला होता. मग तो माझ्याकडे वळला आणि परक्या गावात पत्ता विचारावा तशा त्याच सौम्य आवाजात त्याने विचारले,

"बर्फ्या, आपण कुठल्या बाजूला मारतोय?"

वहिनी पुढे आल्या. रेवाने टोपी वर केली. मी टॉवेल जमिनीवर टाकला आणि उठून त्याचा हात धरला. हात गार पडला होता. मी आयुष्यभर हळू बोललो आहे. त्या सकाळी माझा आवाज एवढा निघाला की शेजारची माणसे, आमची भाषा कळत नसताना, वळून पाहू लागली.

"कॅप्टन, हे तू मला त्या दिवशी पण विचारलं होतंस. मी झाड दाखवलं. तुला असं हाताला धरून बाहेर आणायचं होतं. सर माझ्याकडं बघत होते, तू माझ्यावर सोडलं होतंस, आणि मी टॉवेल वर केला. माझं चुकलं, कॅप्टन. मला माफ कर."